सतरावी मात्रा

३ मार्च, सोमवार

प्रथम वस्तुस्थिती, घडली त्या क्रमाने. मत नंतर.

एक : शुक्रवारी सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बँडने जाहीर केले की, त्यांचा ड्रमर एकतीस वर्षांनंतर निवृत्त होत आहे. कारण मनगट. आम्ही चाहते त्याला ‘घड्याळजी’ म्हणतो, कारण त्याचा ठोका चुकलेला कुणी ऐकलेला नाही. दोन : त्याच्या जागेसाठी सहा उमेदवारांनी पडद्याआड बसून एकच तुकडा वाजवला आहे. नाव नाही, वय नाही, चेहरा नाही; फक्त क्रमांक. तीन : तो तुकडा म्हणजे ‘सतरा पायऱ्या’ या गाण्याचा मधला चार मिनिटांचा भाग. चार : ही सहा ध्वनिमुद्रणे येत्या रविवारी सर्वांसाठी खुली होतील आणि प्रत्येक चाहता-मंडळाने पंचवीस तारखेपर्यंत एकच लेखी अभिप्राय पाठवायचा आहे. बँड तो विचारात घेईल, त्याला बांधील राहणार नाही. पाच : आमच्या मंडळात तेवीस सभासद आहेत. त्यांपैकी ड्रमचे लिखाण वाचता येणारी व्यक्ती एकच, आणि तीच ही दैनंदिनी लिहीत आहे.

आता मत. हे घडायला नको होते. शुक्रवारी बातमी वाचल्यावर मी कामावर, घड्याळे तपासण्याच्या प्रयोगशाळेत, तपासून झालेली तीन स्टॉपवॉच पुन्हा तपासायला घेतली. त्यांत काही दोष नव्हता. मला फक्त काहीतरी अचूक चालताना पाहायचे होते.

५ मार्च, बुधवार

मंडळाची बैठक नेहमीप्रमाणे दंतवैद्यांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत, शेवटचा रुग्ण गेल्यावर. दंतवैद्य आमचे अध्यक्ष आहेत. एकोणीस वर्षे तेच अध्यक्ष आहेत, कारण खुर्च्या त्यांच्या आहेत. भिंतीवर दाढेचा उभा छेद दाखवणारा तक्ता आणि त्याला खेटून बँडचे पहिले पोस्टर. त्यावरील निळा रंग आता तक्त्यातील हिरड्यांइतकाच फिका झाला आहे.

“सगळे असे बसलेत, जणू माणूस गेला,” दंतवैद्य म्हणाले. “अहो, मनगट गेलंय. माणूस धडधाकट आहे.”

“मनगटच हवं होतं की,” बेकरीवाला म्हणाला. “माणूस घेऊन आपण काय करायचंय?”

बेकरीवाला आमच्यातला सर्वांत धाकटा, म्हणजे छत्तीस वर्षांचा. बाहीला पीठ, दंडावर सतराचा आकडा गोंदलेला. तो मला ‘ताई’ म्हणतो. मला ताई म्हणण्याचा अधिकार जगात एकाच माणसाला होता आणि त्याने तो वापरणे एकोणीस वर्षांपूर्वी सोडून दिले. बेकरीवाल्याला हे सांगण्याचे कारण नाही. तो ‘ताई’ म्हणाला की मी ऐकू न आल्यासारखे करते. परिणामी तो मला किंचित बहिरी समजतो आणि माझ्याशी मोठ्याने बोलतो.

पुन्हा तोच वाद झाला. पुढे कधी ही वही कुणी वाचलीच तर त्याच्यासाठी लिहून ठेवते. ‘सतरा पायऱ्या’चे एक आवर्तन सतरा मात्रांचे आहे. त्रेसष्टाव्या, ऐंशीव्या आणि सत्त्याण्णवाव्या आवर्तनात सोळाव्या मात्रेला सगळी वाद्ये एकदम थांबतात. सतरावी मात्रा रिकामी. त्या रिकाम्या जागेत घड्याळजी एकच हलका ठोका देतात, जणू कुणी एका बोटाने दार वाजवावे आणि मग आत यायला लाजावे. हा ठोका सत्तावीस वर्षांपूर्वी मी माझ्या हिरव्या वहीत प्रथम लिहिला. वहीच्या झेरॉक्स निघाल्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स निघाल्या, पुढे कुणीतरी ती इंटरनेटवर चढवली, आणि आज कुठकुठले ड्रमर त्यावरून शिकतात. काही लोक, आमच्या मंडळातलेही, म्हणतात, असा ठोका नाहीच. त्यांना मौनवादी म्हणतात, आम्ही ठोकावादी. सीडीवर ठोका ऐकू येत नाही, एवढाच त्यांचा आधार. सीडी काढताना तंत्रज्ञांनी हलके आवाज पुसले, हे मी तेव्हाच कंपनीला सप्रमाण लिहून कळवले होते. उत्तर आले नाही. लेखी पत्राला लेखी उत्तर न देणारी माणसे मी कधी विसरत नाही.

७ मार्च, शुक्रवार

हिरवी वही कपाटातून काढली. एक्केचाळीस पाने. माझे तेव्हाचे अक्षर आजच्यापेक्षा बरे होते.

रेकॉर्ड मामाकडे होती आणि मामा ती घराबाहेर जाऊ देत नसे. “ऐकायची तर इथे बसून ऐका,” म्हणे. म्हणून त्या सुट्टीत आम्ही त्याच्या मागच्या खोलीत खिडक्यांवर जाड चादरी टांगल्या, स्पीकरसमोर स्टुलावर कॅसेट रेकॉर्डर ठेवला आणि गाणे उतरवून घेतले. अकरा मिनिटे चोवीस सेकंद. मी दाराबाहेर पहारा देत उभी होते, कुणी घंटी वाजवू नये म्हणून. आत बटण दाबायला माझा धाकटा भाऊ. वय चौदा. टोपणनाव ठोक्या, कारण त्याच्या हाताखालून एकही वस्तू न वाजता सुटत नसे : ताट, दार, माझी पाठ. त्याला बजावले होते, “श्वास घेतलास तरी चालेल, हललास तर खबरदार.” तो शाळेचा सुट्टीतला अभ्यास घेऊन शहाण्यासारखा बसला होता.

नंतरचे पाच महिने ती कॅसेट मी मागेपुढे करून लिहीत होते. फीत अडकली की ठोक्या पेन्सिल घालून गुंडाळून देई. एकाच इयरफोनचे एक टोक माझ्या कानात, एक त्याच्या. वायर तोकडी होती, त्यामुळे आमची डोकी एकमेकांवर आपटत.

“ताई, इथं काय लिहिलंस?”

“ठोका.”

“भारी आहे का?”

“सबंध गाण्यात याच्याइतकं भारी काही नाही.”

त्यावर तो दोन दिवस उगाचच खूश होता. मुलांचे काही सांगता येत नाही.

९ मार्च, रविवार

सकाळी दहाला ध्वनिमुद्रणे आली. आई नेहमीप्रमाणे बाल्कनीत फोन घेऊन बसली होती. दर रविवारी ती मैत्रिणीशी बोलते, दार ओढून घेऊन.

दोनदा सलग ऐकले; तिसऱ्यांदा वही समोर ठेवून.

क्रमांक तीन, पाच व सहा यांनी सतरावी मात्रा रिकामी सोडली आहे. मौनवादी. बाद. क्रमांक दोन : ताकद विलक्षण, घाई तितकीच. ठोका नाही, पण त्या जागी काहीतरी असावे असे तिला (वाजवण्याच्या ढंगावरून मला ती बाई वाटते) जाणवले असावे, कारण तिथे झांज हाताने दाबल्याचा आवाज येतो. क्रमांक एक : ठोका आहे, तिन्ही वेळा, मात्रेवर नेमका. वहीप्रमाणे. उत्तम. क्रमांक चार : ठोका आहे, तिन्ही वेळा, आणि तिन्ही वेळा उशिरा. किंचितच, सामान्य कानाला कळणार नाही. मला कळते.

दुपारी जेवताना आईने विचारले, “झालं का तुझं ऐकून? कसे आहेत?”

मला आश्चर्य वाटले. आईच्या लेखी हे संगीत म्हणजे पत्र्यावरून घरंगळणारी भांडी.

“एक नंबर चांगला आहे.”

“आणि चार नंबर?”

“ढिला. प्रत्येक गोष्ट उशिरा करणारा माणूस. पण चार का?”

“उगाच,” आई म्हणाली. “आकडा आवडला.” आणि वाढून घेतलेला भात तसाच ठेवून उठली. तिची भूक अलीकडे कमी झाली आहे. डॉक्टरांना दाखवायला हवे.

११ मार्च, मंगळवार

माझा अभिप्राय चाहत्यांच्या मोठ्या ग्रुपवर टाकला. पाच पाने, तक्त्यासह. ‘हिरव्या वहीच्या बाईंनी’ काय म्हटले, हे वाचायला दूरदूरची माणसे थांबली होती, असे दंतवैद्य म्हणतात. क्रमांक चारविषयीचे माझे वाक्य सर्वांना विशेष आवडले : “हा उमेदवार तालाबरोबर चालत नाही, ताल गेल्यावर त्याची चौकशी करायला येतो.”

वाक्य चांगले उतरले आहे, हे मलाही मान्य आहे.

१३ मार्च, गुरुवार

क्रमांक चारला सगळे ‘गोगलगाय’ म्हणू लागले आहेत. कुणीतरी चित्र काढले : ड्रमसेटवर चढणारी गोगलगाय, खाली माझे वाक्य. हजारो लोकांनी पुढे पाठवले. माझे वाक्य छापताना त्यांनी त्यातील स्वल्पविराम गाळला आहे. कळवले आहे.

१४ मार्च, शुक्रवार

प्रयोगशाळेत एक पोहण्याचे प्रशिक्षक स्टॉपवॉच घेऊन आले. रागात होते.

“बाई, हे फेकून द्यायचं का सांगा. मुलांच्या वेळा चुकतात याच्यामुळे.”

तीस वेळा तपासले. दर वेळी सेकंदाचे वीस शतांश मागे. दर वेळी तेवढेच.

“अजिबात फेकू नका,” मी म्हटले. “कधी मागे, कधी पुढे जाणारं घड्याळ वाईट. हे बिचारं नेहमी तेवढंच मागे असतं. ते खोटं बोलत नाही, त्याचा स्वभाव आहे तो. एकदा समजून घेतलात की याच्याइतकं भरवशाचं दुसरं नाही.”

“म्हणजे चूक त्याची नाही?”

“चूक त्याची आहे. न समजणं तुमचं आहे.”

ते हसले. मी विनोद केला नव्हता.

१६ मार्च, रविवार

आईचा फोन आज चार मिनिटांत आटोपला. एरवी पाऊण तास चालतो. आत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“गोगलगाय कोण म्हणालं गं?”

“लोक म्हणतात. मी नाही.”

“तुझ्या वाक्याखाली आहे चित्र.”

“तुला कुणी दाखवलं?”

“मैत्रिणीने,” आई म्हणाली, आणि बाल्कनीतल्या कुंड्यांना सकाळीच घातलेले पाणी पुन्हा घातले.

त्यानंतर माझे कशात लक्ष लागले नाही. एकोणीस वर्षांपूर्वीची दुपार आठवत राहिली. ठोक्या तेव्हा बावीस वर्षांचा. शिक्षण सोडून ड्रम वाजवायला जायचे म्हणत होता. एका बोटीवरच्या वाद्यवृंदात जागा होती. वडील नव्हते, त्यामुळे निर्णय माझ्याकडे आला, किंवा मी तो घेतला. मी त्याला म्हटले, वाजवून दाखव. त्याने ‘सतरा पायऱ्या’ वाजवले. मी हातात घड्याळ धरून ऐकले आणि सांगितले, “तुझा प्रत्येक ठोका उशिरा पडतो.”

“उशिरा नाही गं, ताई. मी वाट बघतो.”

“कुणाची?”

तो काठ्या एकमेकींवर घासत राहिला. तेव्हा मी म्हटले, आणि शब्द नेमके आठवतात, कारण ते मी विचार करून वापरले होते : “सतराव्या मात्रेचा ठोका ऐक. तो देणारा माणूस आणि तू, यांत जेवढं अंतर आहे तेवढं तू जन्मभर चाललास तरी कापलं जाणार नाही.”

त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले. रागाने नव्हे, जणू काही सांगावे की सांगू नये, असे. मग हसला आणि काठ्या पिशवीत घातल्या. दुसऱ्या दिवशी गेला.

ते हसणे मी इतकी वर्षे उद्धटपणा समजत आले.

१९ मार्च, बुधवार

घड्याळजींचे निरोपाचे पत्र प्रसिद्ध झाले. बेकरीवाल्याने प्रयोगशाळेत फोन करून वाचून दाखवले. बहिऱ्याला ऐकवावे तसे, ओरडून. त्यातला परिच्छेद उतरवून ठेवते :

“जाता जाता एक कबुली. सतराव्या मात्रेवरच्या त्या ठोक्यासाठी लोक मला इतकी वर्षे धन्यवाद देत आले. मी तो कधीच वाजवला नाही. तिथे मी हात वर धरून नुसता थांबत असे. सुरुवातीला मी लोकांना सांगायचो, मग सोडून दिले, कारण त्यांचे डोळे भरून आलेले असत. ज्या कुणी तो प्रथम ऐकला, त्याचा कान माझ्या हातापेक्षा चांगला होता.”

“ताई? ऐकू येतंय ना?”

“येतंय. एवढं ओरडायचं कारण नाही.”

दवाखान्यात तातडीची बैठक. मौनवाद्यांनी पेढे वाटल्यासारखी तोंडे केली होती. दंतवैद्य हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, खुद्द तेच म्हणतायत.”

“कलावंताची आठवण हा पुरावा नव्हे,” मी म्हटले. “पुरावा माझ्याकडे आहे.”

घरी येऊन कॅसेट कपाटात आहे ना, ते पाहिले.

२० मार्च, गुरुवार

रजा घेतली. नोकरीतली ही माझी चौथी रजा.

दुपारी तीन वाजता मामाच्या काळातली ती कॅसेट, जपून ठेवलेल्या रेकॉर्डरवर लावली. गेली कित्येक वर्षे मी ती लावली नव्हती, फीत तुटेल म्हणून. वही होती ना. आधी खरखर. मग ती खोली : चादरींनी दबलेला आवाज, मामाच्या पंख्याची कुरकुर, आणि त्यामागे गाणे. मी बावीस वर्षांची असल्यासारखे वाटले, याहून नेमके लिहिता येत नाही.

त्रेसष्टावे आवर्तन. सोळा. शांतता. टक.

आहे! मी टाळी वाजवली. एकटीच होते.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. “ही कुठून काढलीस? लाव बरं पुन्हा.”

पुन्हा लावली. सोळा. शांतता. टक.

आई हसली. आईचा चेहरा असा उजळलेला मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

“कंपासपेटी,” ती म्हणाली.

“काय?”

“त्याची कंपासपेटी गं. झाकण चेपलेलं होतं ना एका कोपऱ्यात, म्हणून असा बसका वाजायचा. सकाळ-संध्याकाळ डोकं उठवायचा माझं. मी ओळखणार नाही?”

कोपऱ्यात चेपलेले झाकण. ते माझ्या हातूनच पडले होते.

मी रेकॉर्डर बंद केला. मग पुन्हा लावला. ड्रमच्या कडेचा आवाज आणि पत्र्याचा आवाज यांतला फरक कोणत्याही नवशिक्याला कळेल. मला कळला नाही. पाच महिने, एकाच इयरफोनवर, त्याचे डोके माझ्या डोक्याला लागलेले असताना. मी त्याला विचारले होते का, हे काय वाजले म्हणून? नाही. मला माहीत होते ना.

२१ मार्च, शुक्रवार

कामावर गेले. भावनेच्या भरात निष्कर्ष काढू नये, म्हणून मोजले.

कॅसेटवर तीन ठोके. फितीच्या वेगातील फरक वजा करून, मात्रेपासून विलंब, सेकंदाच्या सहस्रांशात : एक्केचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस. क्रमांक एकचा विलंब : शून्य, एक, शून्य. तो वही वाचून वाजवतो; वहीत विलंब लिहिलेला नाही, कारण मला तेव्हा तो ऐकूच आला नव्हता.

क्रमांक चार : बेचाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस.

हे वहीवरून शिकता येत नाही. कॅसेट एकच, आणि ती माझ्या कपाटात. अशा उशिराने तो ठोका पडेल असा हात जगात एकच आहे.

मोजमाप तीनदा केले. चौथ्यांदा करायला घेतले, तेव्हा हाताखालचा मदतनीस म्हणाला, “मॅडम, आकडा बदलणार नाही. बसा जरा.” आणि खुर्ची पुढे केली. त्याला मी दोन वर्षांपूर्वी ‘निष्काळजी’ असा शेरा दिला होता. तो मागे घ्यायला हवा.

२२ मार्च, शनिवार

प्रश्न असा. सत्य सांगितले की हिरवी वही खोटी ठरते. माझे नाव जाते, ते जावो. पण त्याचबरोबर क्रमांक चारने ‘मूळ गाण्यात नसलेले’ काहीतरी वाजवले हे उघड होते आणि उरलीसुरली संधीही जाते. गप्प राहिले तर गोगलगाय तशीच राहते. आणि खरा प्रकार सांगून मी त्याची बाजू घेतली, तर पडद्याला अर्थ काय राहिला? पडद्याआडच्या माणसाला बहीण नसते.

आज सायंकाळपर्यंत सात मसुदे. सगळे फाडले.

२३ मार्च, रविवार

आठवा मसुदा ग्रुपवर टाकला. पाऊण पान. आशय असा : सतराव्या मात्रेवरचा ठोका मूळ गाण्यात नाही. तो माझ्या कॅसेटवर आहे, घड्याळजींचा नाही. ही चूक माझी, एकटीची, आणि ती सत्तावीस वर्षे मी इतरांना शिकवली. क्रमांक चारविषयीचे माझे वाक्य मी मागे घेते : त्या उमेदवाराचा विलंब दर वेळी एकसारखा आहे, म्हणून तो दोष नसून स्वभाव आहे, तो न समजणे हा दोष ऐकणारीचा. सहांपैकी एका उमेदवाराबाबत मी तटस्थ राहू शकत नाही. सबब माझे मत मोजू नये.

दहा मिनिटांत दंतवैद्यांचा फोन.

“मॅडम, अहो, हे काय करून बसलात? तुमच्या अंगावर धावून येतायत लोक.”

“येऊ द्या.”

“एक जण म्हणतोय, वही जाळा.”

“कागद चांगला आहे. जळेल.”

ते म्हणाले, “आमचं मत आता कुणाला द्यायचं, तेवढं तरी सांगा.”

“सांगणार नाही.”

“बरं. मग ऐका. आत्ताच विचारलं सगळ्यांना. तेवीसातले सतरा म्हणतायत, चारला. बेकरीवाला तर म्हणतोय, मूळ गाण्यात नसेल तर मूळ गाणं चुकलं. आम्ही याच ठोक्यावर एकमेकांना भेटलो, मॅडम. कुणाचा का असेना.”

मी फोन ठेवला. सौजन्याला धरून नव्हते, पण आवाजाचा भरवसा नव्हता.

बाल्कनीचे दार आज उघडे होते. आई पाऊण तास बोलली. ‘मैत्रीण’ हा शब्द या वहीत मी किती वेळा आणि किती जाणीवपूर्वक लिहिला आहे, हे मोजण्याचे धैर्य मला नाही. वारा होता. आईच्या खांद्यावर शाल टाकून मी आत आले. ती बोलायची थांबली नाही. फक्त फोन किंचित माझ्या बाजूला कलवला. पलीकडे कुणीतरी टेबलावर बोटे वाजवत होते.

२८ मार्च, शुक्रवार

निकाल. क्रमांक दोन. खरोखरच बाई आहे, सव्वीस वर्षांची. बाकीच्या पाच जणांची नावे जाहीर होणार नाहीत. बँडच्या निवेदनात एक ओळ आहे : “क्रमांक चारच्या सतराव्या मात्रेवर आम्ही तासभर बोललो. त्याहून जास्त काही सांगणे त्या उमेदवारावर अन्याय ठरेल.”

ग्रुपवर नेहमीप्रमाणे निम्मे रडत आहेत, निम्मे भांडत आहेत. नवी ड्रमर फार तरुण आहे. घड्याळजींची सर येणार नाही. आता बँड संपला. एकतीस वर्षांपूर्वी घड्याळजी आले तेव्हाही हेच म्हटले गेले होते. जुनी कात्रणे माझ्याकडे आहेत. चाहते नव्या माणसाला नव्हे, आपल्या जुन्या खोलीला शोधत असतात, त्या चादरी टांगलेल्या खोलीला. हे मी निरीक्षण म्हणून नोंदवते. स्वतःला वगळून नव्हे.

मी क्रमांक दोनचे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले. चांगली आहे. घाई जाईल.

मग क्रमांक चार ऐकले. मोजले नाही.

३० मार्च, रविवार

सकाळी आई म्हणाली, “तो ठीक आहे म्हणतो. म्हणतो, एवढ्या लोकांनी ऐकलं, पुष्कळ झालं. तिकडे मुलांना शिकवतो, ते चालू राहील.” मग माझ्याकडे न पाहता, “फोन लावून देऊ?”

“नको.”

आईचा चेहरा पडला.

“फोनवर बोललेलं नंतर कुणी काहीही आठवतं,” मी म्हटले. “पत्ता दे.”

तिने तो डब्याच्या झाकणात चिकटवून ठेवला होता. ज्या डब्याला मी कधी हात लावत नाही. पत्राची प्रत इथे उतरवून ठेवते.

प्रति,
उमेदवार क्रमांक चार यांस,

विषय : सतरावी मात्रा.

वस्तुस्थिती क्रमाने पुढीलप्रमाणे. एक : मामाच्या मागच्या खोलीत उतरवलेल्या कॅसेटवर तीन ठिकाणी जो ठोका आहे तो घड्याळजींचा नसून आपल्या कंपासपेटीचा आहे. दोन : मी आपल्याला हलू नका असे बजावले होते. आपण हललात. तीन : सबंध गाण्यात याच्याइतके भारी काही नाही, असे मी तेव्हा म्हटले होते. ते मत आजही कायम आहे. चार : तो ठोका देणारा माणूस आणि तू, यांतील अंतर जन्मभर चाललास तरी कापले जाणार नाही, असे मी तुला सांगितले. ते अंतर मी आता मोजले आहे. ते शून्य आहे. पाच : तुला तेव्हाच हे ठाऊक होते आणि तू हसून निघून गेलास. मला खोटे पाडले असतेस तर चालले असते. नसते चालले, पण तू पाडायला हवे होतेस. सहा : याच महिन्यात मी तुझ्याविषयी पुन्हा तेच लिहिले, तू आहेस हे माहीत नसताना. माहीत असते तरी लिहिले असते, आणि पत्र लिहायला बसण्याचे कारण तेच आहे. ते वाक्य मी मागे घेतले आहे. प्रत सोबत जोडली आहे. सात : आईने यापुढे रविवारचा फोन आतल्या खोलीत बसून घ्यावा, असे ठरले आहे. बाल्कनीत वारा लागतो.

तरी पुढील तीन बाबींचा खुलासा करावा. त्या शांततेत तू ठोका का दिलास? त्या दुपारी तू कुणाची वाट बघतो म्हणाला होतास? आणि इकडे कधी येतोस?

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांची मुदत आहे. तू सोळाव्या दिवशी लिहिशील. तो विलंब मला आता ठाऊक आहे आणि तो ग्राह्य धरला जाईल. मात्र उत्तर लेखीच हवे, आणि त्याचा मायना ‘ताई’ असाच असावा.